आकडा पोचतो कसा?

(उलवे येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी कामं वाटून दिली तेव्हा डॉक्टरांच्या वाट्याला आरोग्य आलं, वकिलांच्या वाट्याला मृत्युपत्र आलं आणि माझ्या वाट्याला 'कॉम्प्युटर'. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला एक छोटा तुकडा निवडला आहे. गेली बरीच वर्षं माझं रोजचं काम तेच आहे. एका कॉम्प्युटरमधला आकडा, तारीख किंवा नाव दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जसंच्या तसं पोचवायचं. आमच्या भाषेत त्याला सीरियलायझेशन म्हणतात. मराठीत सांगायचं तर ओळीत लावणं.

ओळीत का लावायचं? प्रार्थनेला आपण मैदानात वर्गावर्गाने उभे असायचो, पण वर्गात जाताना जिना अरुंद होता, म्हणून एकामागे एक जायचो. कॉम्प्युटरच्या आत माहिती मैदानासारखी पसरलेली असते. तारेतून किंवा मोबाइलच्या लहरींतून जाताना मात्र तिला जिना चढावा लागतो. पलीकडे पोचल्यावर ज्याने त्याने आपापल्या जागी बसायचं. आता पहिला कोण, किती जण, कोण कुठे बसणार, हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक नसेल तर गोंधळ ठरलेला. माझं सगळं काम हा गोंधळ होऊ न देण्याचं आहे.

आपल्याला हे समजायला लांब जायची गरज नाही. इथून जवळच न्हावाशेवा बंदर आहे. १९८९ मध्ये ते सुरू झालं. तिथली क्रेन कंटेनर उचलते तेव्हा आत चहा आहे की टायर, हे तिला ठाऊक नसतं. पेटी वीस फुटी की चाळीस फुटी आणि तिच्यावरचा नंबर काय, एवढंच तिला पुरतं. त्या नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक जादा आकडा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून ठरलेल्या हिशेबाने काढलेला असतो. कुणी नंबर उतरवून घेताना एक अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा आकडाही असाच पहारेकरी आहे.

नेटवर्कवरच्या आमच्या पेटीला बाइट म्हणतात. तिच्यात ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. मग १००० पाठवायचे असतील तर? दोन पेट्या लागतात. १००० म्हणजे २५६ चे ३ गठ्ठे आणि वर २३२ सुटे. म्हणून एका पेटीत ३ आणि दुसरीत २३२. इथवर सोपं आहे. पण आधी कोणती पेटी पाठवायची? मी ३ आधी पाठवला आणि पलीकडच्याने सुटे आधी येतात असं धरलं, तर तो २५६ चे २३२ गठ्ठे आणि ३ सुटे मोजेल. त्याच्याकडे १००० च्या जागी ५९,३९५ पोचतील. वाटेत एकही पेटी हरवली नाही, एकही बाइट खराब झाला नाही, तरी आकडा चुकला.

हा वाद कॉम्प्युटरवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं चालला. काही यंत्रं मोठा भाग आधी ठेवायची, काही लहान. १९८० मध्ये डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने यावर एक गमतीदार पण महत्त्वाचा लेख लिहिला. गलिव्हरच्या गोष्टीत अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून लढाया होतात. तीच नावं त्याने या दोन पंथांना दिली. बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन हे शब्द तेव्हापासून रूढ झाले. त्याचं म्हणणं असं, की कोणती पद्धत चांगली यापेक्षा सगळ्यांनी एक पद्धत पाळणं महत्त्वाचं. इंटरनेटच्या मूळ नियमांत मोठा भाग आधी असं ठरलं. आपल्या बहुतेक लॅपटॉपच्या आत मात्र लहान भाग आधी असतो. म्हणून आकडा घराबाहेर पडताना उलटवायचा आणि पलीकडे गरज असेल तर पुन्हा सुलटवायचा, हे काम रोज अब्जावधी वेळा कुणाच्या नकळत चालू असतं.

मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. आपण लिहितो ४५, म्हणजे चाळीस आधी. बोलतो पंचेचाळीस, म्हणजे पाच आधी. पहिलीतली किती मुलं पंचेचाळीस ऐकून ५४ लिहितात, हे आपल्या बाई सांगतील. ती मुलं मठ्ठ नसतात. ऐकलं त्याच क्रमाने ती लिहितात. बोलण्याचा क्रम एक, लिहिण्याचा दुसरा, आणि मधला बदल आपण सवयीने करतो इतकंच.

याहून जुनं उदाहरण भास्कराचार्यांचं. त्यांनी आपलं जन्मवर्ष श्लोकात सांगितलं आहे. श्लोकात आकडे वृत्तात बसत नाहीत, म्हणून त्या काळी आकड्यांना शब्द ठरलेले होते. रस म्हणजे सहा, कारण चवी सहा. गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, आणि मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. भास्कराचार्यांनी शब्द दिले ते याच क्रमाने : सहा, तीन, शून्य, एक. हे सरळ वाचलं तर शके ६३०१ होईल. पण संकेत असा, की एकक आधी सांगायचा आणि पुढचे आकडे डावीकडे मांडत जायचं. तसं केलं की शके १०३६ मिळतं, म्हणजे इसवी सन १११४. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची ती गोष्ट. नऊशे वर्षांपूर्वी शब्दांत बांधून पाठवलेला आकडा आपल्यापर्यंत बिनचूक पोचला, याचं कारण संकेतही त्याच्याबरोबर शिकवला गेला. ते काम शाळेने केलं. सर, बाई, याचं श्रेय तुमच्या व्यवसायाला.

आता आपल्या जमिनीकडे येते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात सातबारा आणि साडेबारा टक्के हे शब्द लहानपणापासून ऐकू येतात. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात आंदोलन झालं. त्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचं तत्त्व मिळालं. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा आकडा आपल्यासाठी नुसता आकडा नाही.

जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असायचं. समजा १-२० लिहिलं आहे. एकराचे गुंठे ४०, म्हणून १-२० म्हणजे दीड एकर, ६० गुंठे. आता नातवाने तोच आकडा दशांश समजून १.२० एकर असा वाचला, तर झाले ४८ गुंठे. एका वाचण्यात १२ गुंठे गेले. हीच नोंद एक्सेलमध्ये टाकली तर आणखी गंमत होते. एक्सेलला वाटतं ही तारीख आहे, आणि दीड एकर जमिनीचा होतो जानेवारी महिना.

आताच्या उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भाग असतात. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. ०.०४.०५ याचा अर्थ ४ आर ५ चौरस मीटर, म्हणजे ४०५ चौरस मीटर, साधारण चार गुंठे. इथे प्रत्येक भागाला दोन घरं राखून ठेवलेली आहेत आणि मधली शून्यं ती घरं सांभाळून बसलेली आहेत. कुणी आळसाने ०.४.५ लिहिलं, आणि पुढच्याने रिकाम्या घरात शून्य उजवीकडे भरलं, तर ते होतं ०.४०.५०. म्हणजे ४,०५० चौरस मीटर, चाळीस गुंठे, पुरा एक एकर. उलट दिशेने चूक झाली तर एकराचे चार गुंठे होतात. सामाजिक सुविधांसाठी होणारी वजावट बाजूला ठेवली, तरी साडेबारा टक्क्यांचा हिशेब एका बाबतीत सुमारे ५०६ चौरस मीटर येतो आणि दुसऱ्या बाबतीत ५१ देखील भरत नाही. ५१ चौरस मीटर आणि ५०६ चौरस मीटर यांत उलव्यात किती फरक पडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझ्या ओळखीच्या एका घरात असं झालं. वारसांची यादी एका कार्यालयात टाइप झाली, तिथून दुसऱ्या कार्यालयात गेली आणि तिथे पुन्हा टाइप झाली. शून्य नेमकं कुठे गळलं ते कुणालाच सांगता येईना. घरातल्या आजींनी जुना कागद जपून ठेवला होता, म्हणून निभावलं. त्या आजी शाळेत गेल्या नव्हत्या. पण मूळ प्रत हातची सोडायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या क्षेत्रात हाच नियम शिकवायला मोठमोठी पुस्तकं लिहितात.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. शेतीच्या क्षेत्रासाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर अशी एककं उताऱ्यावर छापली जाऊ लागली. मला त्या बदलाचं फार कौतुक वाटतं. १२.५० हा आकडा एकटा फिरला तर तो हेक्टर-आर आहे की आर-चौरस मीटर, कोण सांगणार? दोन्हींत शंभर पटींचा फरक आहे. एकक सोबत नसल्याची किंमत नासानेही मोजली आहे. १९९९ मध्ये मंगळाकडे पाठवलेलं त्यांचं एक यान नष्ट झालं. एका गटाची प्रणाली इंग्लिश एककांत आकडे देत होती आणि दुसऱ्या गटाची प्रणाली ते मेट्रिक समजून घेत होती. आकडे बरोबर होते. ते कशाचे आहेत हे सांगायचं राहिलं होतं.

पैशांचंही असंच आहे. आपल्याला १० पैसे म्हणजे ०.१० रुपये हे अगदी स्वच्छ वाटतं. पण कॉम्प्युटर दोनच अंकांत मोजतो, आणि त्याच्या पद्धतीत एक दशांश कधी संपतच नाही. एक भागिले तीन आपल्याला ०.३३३ असं लिहीत बसावं लागतं, तसंच. म्हणून तो जवळपासची संख्या धरतो. नेहमीच्या पद्धतीने ०.१ दहा वेळा मिळवून पाहिलं तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. यावरचा उपाय सोपा आहे. रक्कम रुपयांत पाठवायचीच नाही, पूर्ण पैशांत पाठवायची. १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५० पैसे. जुन्या पिढीतल्या हिशेबनिसांना हे सांगावं लागलं नसतं. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे आणे १६ आणि आण्याच्या पै १२ होत्या. अडचणीचा हिशेब आला की सगळं पैंत करून घ्यायचं, रुपयाच्या १९२ पै, हा शिरस्ता होता.

आता नावांबद्दल. आपल्यापैकी अनेकांनी एकेकाळी मराठी पत्र टाइप करून कुणाला पाठवलं असेल आणि पलीकडे इंग्रजी अक्षरांचा काला दिसला असेल. त्याचं कारण, जुन्या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त अंगावर मराठी कपडे चढवलेले. पलीकडे तो फाँट नसला की कपडे उतरले. युनिकोड आल्यावर प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'उलवे' या शब्दात उ, ल, व आणि एक मात्रा अशी चार चिन्हं आहेत. नेटवर्कवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे बारा पेट्या. इंग्रजी अक्षराला एकच पेटी पुरते. म्हणून इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून कुणी नावासाठी ३० बाइटची जागा ठेवली, तर मराठीत दहाच चिन्हं मावतात. मधलं नाव किंवा आडनाव अर्ध्यातच तुटतं.

यावर आम्ही काय करतो? लग्नाच्या वऱ्हाडाचं सामान पाठवताना आपण 'एकूण नग १२' अशी चिठ्ठी देतो, तशी आधी लांबी पाठवतो आणि मग शब्द. घेणारा नग मोजून घेतो. बारा आले की शब्द पुरा झाला, त्यापुढचं सामान दुसऱ्याचं.

नावाच्या स्पेलिंगची दुखणी मात्र कोणत्याही बाइटने बरी होत नाहीत. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात, कारण 'व' साठी तिथे दोन अक्षरं आहेत. आपल्याला ते एकच गाव. कॉम्प्युटरला ती दोन गावं. म्हात्रे, घरत, भोईर, ठाकूर ही आडनावं इथे शेकड्यांनी आहेत. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं असेल, तर वारस असूनही तोच माणूस आपण आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं. विमानतळासाठी दहा गावं उठली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही त्यांतलीच. आपल्यातल्या काहींची घरं, देवळं, खेळायच्या जागा तिथे होत्या. टेकडीसुद्धा कापली गेली. जिथे बांध दाखवून 'ही आमची' म्हणता येत नाही, तिथे कागदावरची ओळ हाच बांध असतो. ती ओळ एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना नीट जाते की नाही, हा म्हणून केवळ इंजिनिअरांचा प्रश्न राहत नाही.

शेवटी चार उपयोगाच्या गोष्टी सांगते, म्हणजे भाषणातून काही हाती लागलं असं वाटेल.

एक. फोन नंबर, बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक या संख्या नाहीत. त्यांची बेरीज आपण कधी करत नाही. त्या आकड्यांनी लिहिलेल्या खुणा आहेत. एक्सेलमध्ये तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या आणि मगच भरा. नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात. शिवाय एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नीट लक्षात ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक ते मुकाट्याने शून्य करतं.

दोन. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ०५-०६ हे आपल्याला ५ जून, अमेरिकेत असलेल्या आपल्या मित्रांना ६ मे. या स्मरणिकेसाठी आलेल्या वाढदिवसांच्या यादीत दोन्ही पद्धती आहेत. संपादकांनी विचारून घ्यावं, म्हणजे शुभेच्छा वेळेवर जातील. दोन यंत्रांमध्ये तारीख पाठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

तीन. क्षेत्र, रक्कम, वजन, औषधाचं प्रमाण, काहीही असो, आकड्यामागे एकक लिहा. व्हॉट्सअॅपवर भावाला जमिनीचं क्षेत्र कळवतानासुद्धा नुसतं ०.४ लिहू नका. '४,००० चौरस मीटर' लिहा.

चार. घरातला सातबारा, फेरफार, निवाड्याची प्रत आणि आधार कार्ड एका टेबलावर मांडा. नावं अक्षर-अक्षर लावून पाहा. क्षेत्रातली शून्यं मोजा. फरक दिसला तर आजच दुरुस्तीचा अर्ज द्या. घरातली जुनी माणसं आहेत तोवर हे सोपं आहे, कारण कोणत्या नोंदीचा अर्थ काय, हे त्यांना तोंडपाठ आहे. पुढे कागद राहतील, संकेत सांगणारं कुणी राहणार नाही.

शाळेत सर गणित तपासताना उत्तर बरोबर असलं तरी एकक नाही म्हणून अर्धा गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. आता त्या अर्ध्या गुणावर माझं घर चालतं. सर, मनापासून आभार.

सातबारा घेऊन आलेल्यांनी जेवणानंतर मला भेटा. मी शेवटच्या पंगतीला बसणार आहे.